जर्मन भावजी आणि गुरूचे चार चंद्र

आमच्या घरात एक जर्मन दीर राहत असत. चारशे वर्षांपूर्वी वारलेले. मी त्यांना भावजी म्हणायचे, कारण माझा नवरा त्यांच्या बाजूनं असा भांडायचा की सख्ख्या भावाच्या वाटणीसाठीही कुणी भांडत नाही. पाहुणे जेवायला आले की आमटी वाढता वाढता मी हळूच सांगून ठेवायचे, "भावजींचा विषय तेवढा काढू नका, भात गार होईल." मग कुणीतरी विचारायचंच, कोण भावजी? आणि भात गार व्हायचा. विषय खरा मीच काढलेला असायचा. नवऱ्याला हे कधी कळलं नाही, किंवा कळलं असेल आणि चाललं असेल.

भावजी जर्मनीतल्या एका छोट्या संस्थानात दरबारी ज्योतिषी होते. पंचांग काढायचं, राजाला ग्रहमान सांगायचं, उरल्या वेळात आकाश बघायचं. त्यांच्या ओळखीचे एक सरदार एकदा मोठ्या जत्रेला गेले. तिथे एक माणूस नळी विकत होता, तिच्यातून लांबचं जवळ दिसायचं. एका काचेला तडा गेलेला आणि किंमत अव्वाच्या सव्वा. सरदारांनी घासाघीस केली, सौदा फिसकटला, पण परत येऊन त्यांनी भावजींना सगळं वर्णन केलं. (हा प्रवेश मी करायचे. फिसकटलेल्या सौद्याचा अभिनय पुणेकरांना शिकवावा लागत नाही.) पुढे हॉलंडमधून तशी नळी मिळाली. भावजींनी ती गुरूवर रोखली, तर गुरूच्या आजूबाजूला एका रेषेत बारीक तारे. ते गुरूची पाठ सोडीनात. ते त्याचे चंद्र होते.

त्याच हिवाळ्यात इटलीत आणखी एक माणूस तेच बघत होता. त्यानं लगोलग पुस्तक छापलं आणि तो जगात मोठा झाला. भावजी सावकाश माणूस. त्यांनी काही वर्षांनी पुस्तक काढलं आणि त्यात लिहिलं की मीही तेव्हाच पाहत होतो. इटलीकर खवळले. चोर म्हणाले. कारण भावजींनी दिलेली पहिली तारीख इटलीकरांच्या तारखेच्या आधीची दिसत होती, पण भावजींच्या संस्थानात अजून जुनं कॅलेंडर चालू होतं, दहा दिवसांनी मागे. हिशेब जुळवला की भावजी एका दिवसानं मागे पडत. म्हणजे कॅलेंडरची चलाखी करून पहिला नंबर लावला, असा आरोप. त्यातून भावजींचा एक शिष्य पूर्वी खरोखरच त्याच इटलीकराचं काम ढापताना सापडलेला. मग कोण विश्वास ठेवणार? त्या चंद्रांना आज सगळं जग जी नावं देतं ती भावजींच्या पुस्तकातली आहेत, आणि मान इटलीकरांचा.

"चोर कसा ओळखायचा?" नवरा इथे हातातला घास खाली ठेवायचा. "चुकांवरून. ज्यानं स्वतः पाहिलं त्याच्या चुका स्वतःच्या असतात. ज्यानं दुसऱ्याचं बघून लिहिलं त्याच्या चुका उसन्या असतात. या माणसाच्या आकड्यांत चुका आहेत, पण त्या इटलीकराच्या नाहीत. याच्या आहेत. शिवाय चंद्र रेषेच्या किंचित वर-खाली जातात हे यानं टिपलंय. न पाहता हे कुठून आणणार?"

"मग एक दिवस उशीर झाला एवढंच ना," पाहुणे म्हणायचे. "पहिला नंबर गेला, जाऊ दे."

"नंबर जाऊ दे हो. पाहिलं होतं, हे तरी माना."

आम्ही 2011 मध्ये पामर्स्टन नॉर्थला आलो. त्याला गवताच्या मुळांवर संशोधन करायची नोकरी मिळाली होती. न्यूझीलंडमध्ये गवत हा देशाचा प्रश्न आहे. निघताना सामानात मोठा कुकर न्यावा की दुर्बीण, असा वाद झाला. मी कुकर बांधला होता. इथल्या विमानतळावर बॅग उघडली तर आत दुर्बीण, माझ्या शालींमध्ये गुंडाळलेली. तपासणीच्या बाईंनी हसून "किया ओरा" म्हटलं, म्हणजे इथला माओरी नमस्कार, तिवईचे लाकडी पाय निरखले आणि विचारलं, हल्ली कुठल्या शेतात गेला होता का. नवरा अभिमानानं म्हणाला, मी मातीचाच माणूस आहे. परदेशी माती म्हणजे इथे साक्षात पाप, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आमचे बूटसुद्धा धुऊन मिळाले.

पहिल्याच पौर्णिमेला मी मागच्या अंगणात गेले आणि आत येऊन म्हणाले, "अरे, इथे ससा डोक्यावर उभा आहे." चंद्रावरचा ससा. नवऱ्याला इतका आनंद झाला की त्यानं टोपलीतलं संत्रं घेतलं आणि त्यात दोन लवंगा टोचल्या, एक वरच्या अंगाला, एक खालच्या. "ही तू पुण्यात. ही तू इथे. तिची डावी ती हिची उजवी. आपण उलटे उभे आहोत, राणी. पुण्यात गुरूचा जो चंद्र आपल्याला दुर्बिणीत डावीकडे दिसायचा तो इथे उजवीकडे दिसणार." ते संत्रं मी दुसऱ्या दिवशी डब्यात नेलं. लवंगांसकट खाल्लं.

मी इथे एका रेस्ट होममध्ये काम करते. वयस्कर मंडळींना दिवसभर रमवायचं. गाणी, पत्ते, मातीची भांडी, छोटी नाटुकली. पुण्यात हौशी रंगभूमीवर जे केलं ते इथे पगारी करते. तिथे मला एक आवाज शिकावा लागला. कुणी वाकडा कप करून दाखवला, कुणी चुकीचं कडवं म्हटलं, की म्हणायचं, "लव्हली." मध्ये थोडा श्वास, शेवटी हसू. तो आवाज माझा इतका पक्का बसला आहे की कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घेतानाही कधीकधी निघतो.

संध्याकाळी मात्र वेगळा कायदा होता. पुण्यातल्या त्याच्या आकाशदर्शन मंडळातली पद्धत आम्ही इथे चालू ठेवली. दुर्बिणीला पहिला डोळा लावणाऱ्यानं काय दिसतं ते आधी बोलायचं, मग दुसऱ्यानं बघायचं, आणि फक्त "बरोबर" किंवा "नाही" म्हणायचं. तिसरा शब्द नाही. मी पडताळणारी. चहा झाला की तो दुर्बीण कपडे वाळवायच्या दांडीशेजारी मांडायचा, मी नाइटगाउनवर जाड जॅकेट आणि पायात मोजे आणि वर जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अशा वेशात हजर व्हायचे. तो डोळा लावून म्हणायचा, "उजवीकडे एक, डावीकडे तीन, त्यातला एक अगदी चिकटून." मग मी वाकायचे. "बरोबर." कधी, "नाही, चिकटलेला उजवीकडे आहे." मग तो परत बघायचा आणि कबूल करायचा. लग्नाला इतकी वर्षं होऊन नवरा रोज एकदा तरी बायकोचं "नाही" निमूट ऐकतो, असं दुसरं घर मला माहीत नाही.

मग त्याला काचबिंदू झाल्याचं कळलं. आधी कडेचं जातं, मध्यातलं राहतं. डावा डोळा निदान होईपर्यंत गेलेलाच होता, आणि उजव्याची खिडकी कडेनं मिटत चालली होती. थेंब, लेझर, शस्त्रक्रिया, सगळं झालं. डॉक्टर अत्यंत सज्जन. त्यांनी समजावलं की हळूहळू नळीतून बघितल्यासारखं दिसेल. नवरा म्हणाला, "डॉक्टर, मला नळीतून बघायची सवय आहे." डॉक्टर हसले. मीही हसले. 

गाडी चालवणं थांबलं. सायकल थांबली. संस्थेनं त्याला घरून करता येण्यासारखं काम दिलं आणि मग तेही आटलं. आपल्याच स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या उघड्या दारावर तो कपाळ आपटून घ्यायचा. पांढरी काठी घ्यायला मात्र तयार नव्हता. मुलगी ख्राइस्टचर्चला इंजिनिअर आहे, भूकंपातल्या पडझडीनंतर नव्यानं उभ्या राहणाऱ्या इमारतींत तिचा जीव अडकलेला. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. ती फोनवर म्हणाली, "बाबा, देअर आर टेलिस्कोप्स दॅट शो इट ऑन युअर फोन. हीप्स ईझियर."

"मग तो चंद्र फोननं पाहिला. मी नाही."

"बाबा, बट यू कान्ट—"

"मला चार चंद्र दिसतात," तो म्हणाला. "रोज दिसतात. तुझ्या आईला विचार. जोवर ते दिसतात तोवर मी बघणारा माणूस आहे. ज्या दिवशी दिसणार नाहीत त्या दिवशी काठी आण, कुत्रा आण, काय वाटेल ते आण."

हे त्यानं ठरवून टाकलं, आणि मग ते आमच्या घराचंच ठरून गेलं. रक्तातली साखर मोजावी तसे आम्ही रोज चंद्र मोजत होतो. ढग आले की मला ताप यायचा. पामर्स्टन नॉर्थमध्ये ढग बरेच येतात.

2019 च्या हिवाळ्यात गुरू संध्याकाळीच डोक्याशी यायचा. सगळ्यात सुंदर वेळ. एका स्वच्छ संध्याकाळी तो नेहमीसारखा डोळा लावून बसला, जरा जास्त वेळ, आणि म्हणाला, "उजवीकडे तीन, डावीकडे एक, लांब."

मी वाकले. डावीकडे तीन होते. उजवीकडे एक, लांब.

मी तोंड उघडलं "नाही" म्हणायला. आणि थांबले. कारण चूक विचित्र होती. एखादा चंद्र हुकला असता, चिकटलेला दिसला नसता, तर ती डोळ्याची चूक. ही आरशातली चूक होती. सगळं अचूक, फक्त उलटं. मला सकाळचा स्वयंपाकघरातला कॉम्प्युटर आठवला. पुण्याच्या मंडळाची मासिक पत्रिका त्याला ईमेलनं यायची. तिच्यात गुरूचे चंद्र महिनाभर कुठे असतील याचं चित्र असे, चार नागमोडी रेघा. सकाळी ते चित्र पडद्यावर उघडं होतं, मोठं करून करून एकेका रेघेचं दोरखंड झालेलं. मला वाटलं होतं भाषणाची तयारी चाललीय. मोठं केलेलं जाड काळं त्याला अजून वाचता येत होतं. काळोखातले बारीक ठिपके नाही. पत्रिकेतली वेळ त्यानं इथल्या वेळेला जुळवून घेतली होती, तो मुळाचा काटेकोर. पण चित्र पुण्याच्या दुर्बिणीतून दिसावं तसं काढलेलं होतं. पुण्याचं डावं-उजवं तो तसंच अंगणात घेऊन आला होता.

चूक त्याची नव्हती. उसनी होती. चोर कसा ओळखायचा हे मला त्यानंच शिकवलेलं, आमटी गार करून करून.

तो माझ्या शेजारी उभा होता, थंडीनं खांदे वर काढून. "काय?" त्यानं विचारलं.

"बरोबर," मी म्हणाले.

त्यानंतरचे आठवडे मी जन्मातलं सगळ्यात लांब नाटक केलं. प्रेक्षक एक, त्यालाही दिसत नव्हतं. तो उलटं सांगायचा, मी वाकायचे, बघायचे, "बरोबर" म्हणायचे. एकदा ढगच होते. त्याला कळलं नाही, तो सांगून मोकळा झाला, "दोन इकडे, दोन तिकडे." मी काळ्याभोर काचेला डोळा लावून मोजायचं सोंग केलं आणि "बरोबर" म्हणाले. मग तो खूश व्हायचा. आत येऊन पोळ्यांना तूप स्वतः लावायचा, अर्धं ओट्यावर. मी ते नंतर पुसायचे. मुलीचा फोन आला की म्हणायचा, "विचार आईला." मुलगी विचारायची, "इज ही ओके, आई?" मी म्हणायचे, "चार दिसले." ते खोटं नव्हतं. चार दिसले होते. मला.

कधीकधी जेवताना तो मध्येच म्हणायचा, "भावजींनी एक फार छान लिहून ठेवलंय." आता तोही भावजीच म्हणू लागला होता. "आकाशात एक धूसर तेजाचा पुंजका त्यांनी पाहिला, तो कसा दिसतो म्हणाले, तर रात्रीच्या वेळी लांबून मेणबत्ती दिसावी, मध्ये शिंगाचा पातळ पापुद्रा धरलेला. तेव्हा कंदिलाला शिंगाचे पापुद्रे लावत." मग ताटाकडे बघत, म्हणजे ताट जिथे असणार तिथे, "बरोबर तसंच असतं ते," म्हणायचा. मी विचारलं नाही, काय तसंच असतं. आमटी वाढली.

गणपती आले. आमच्याकडे मराठी मंडळी एक हॉल भाड्यानं घेतात, सकाळी पूजा, दुपारी कार्यक्रम, मग जेवण. आयोजक ताई आठवडाभर आधी घरी आल्या होत्या. "काका, यंदा तुमचं दुर्बिणीवरचं होऊन जाऊ दे. पण थोडक्यात हं. पुलाव गार झाला की लोक मला धरतात." मी म्हणाले, "ताई, या घरातल्या भाताचा इतिहास तुम्हाला माहीत नाही."

त्यानं भाषण पाठ केलं. कागद वाचता येत नव्हता हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. चित्रं बदलायला मी, पहिल्या रांगेच्या टोकाला लॅपटॉप घेऊन. तो निळ्या कुर्त्यात स्टेजवर उभा राहिला, मागे गणपती, समोर जरीच्या परकरांतल्या मुली आणि भुकेले बाप. आणि सांगते तुम्हाला, असं म्हणायची माझी सवय आहे पण या वेळी खरंच सांगते, तो रंगला. जत्रेतली तडा गेलेली काच, सरदाराची घासाघीस, माझा प्रवेश त्यानं माझ्याहून बरा केला. कॅलेंडरचा घोळ आला तेव्हा एक आजोबा म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच की. इथे एकादशी कधी ते पुण्याला फोन करून विचारायचं." सगळे हसले.

मग तो मुलांकडे वळला, म्हणजे आवाज येत होता तिकडे. "आता तुम्ही घरी दुर्बिणीतून गुरू बघाल तेव्हा एक लक्षात ठेवा. आपण इथे पृथ्वीच्या खालच्या अंगाला आहोत. त्यामुळे भारतातल्या पत्रिकेत जो चंद्र डावीकडे काढलेला असतो," त्यानं डावा हात वर केला, "तो इथून बघताना..."

हात वर राहिला.

लोकांना वाटलं विसरला. मागून एकजण मदतीला आला, "उजवीकडे, काका." नवऱ्यानं हात खाली घेतला. "हो," तो म्हणाला. "उजवीकडे." आणि त्यानं मान माझ्या दिशेला वळवली. हॉलच्या दिव्यांत मी त्याला दिसणं शक्य नव्हतं. पण मी कुठे बसले आहे हे त्याला माहीत होतं, आणि त्याला काय कळलं आहे हे मला माहीत होतं. मी पुढचं चित्र लावलं. दुसरं काय करणार होते?

भाषण त्यानं पुरं केलं. शेवटी एका तरुणानं, इथे शिकायला येऊन राहिलेल्या, विचारलं, "मग काका, तुमचं मत काय? त्यानं खरंच पाहिले होते का?"

या प्रश्नाला त्याचं उत्तर नेहमी दुसरा भात गार होईपर्यंत चालायचं. त्या दिवशी तो म्हणाला, "सांगता येत नाही. पडताळायला त्याच्या शेजारी खरं बोलणारं कुणी उभं होतं का, ते कुठे लिहिलेलं नाही."

टाळ्या पडल्या. ताई पुलाव म्हणाल्या.

गाडीत मी किल्ली फिरवली आणि तो म्हणाला, "केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

"नाटक नको."

मी गाडी बंद केली. लोक रिकामे डबे आणि निजलेली मुलं घेऊन आजूबाजूच्या गाड्यांत बसत होते, आम्हाला हात करत होते. मी उलट हात करत होते.

"तू पहिल्यांदा उलटं सांगितलंस तेव्हापासून."

"म्हणजे आख्खा हिवाळा."

"बराचसा."

"मी उलटं सांगत होतो आणि तू बरोबर म्हणत होतीस."

"तू खूश होत होतास."

"मी पत्रिका बघून सांगत होतो, ती माझी लबाडी," तो म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. "हिवाळ्याच्या तोंडावर ठिपके गेले. गुरू राहिला, शिंगाआडच्या मेणबत्तीसारखा. मला वाटलं, मी सांगेन, आणि एखाद्या दिवशी चुकेन, तेव्हा ती म्हणेल नाही. म्हणजे कळेल आपोआप. मला तोंडानं सांगावं लागणार नाही. मी रोज वाट बघत होतो तुझ्या नाहीची. तू बरोबर म्हणायचीस. मग मला वाटायला लागलं की मला दिसतंच असेल. खरंच वाटायला लागलं."

मी सीटबेल्ट काढला.

"आणि तो आवाज," तो म्हणाला. "तेव्हाच ओळखायला हवा होता मी. तुझा रेस्ट होमचा आवाज आहे तो. लव्हली."

"अरे..."

"डोळे गेले ते गेले. त्याला काय करणार? पण मी बोलतो ते खरं की खोटं, हे तोंडावर सांगणारं एक माणूस घरात होतं. ते कधी गेलं तेही मला दिसलं नाही."

मी गाडी चालू केली. घरापर्यंत रस्ता सरळ आहे, दोन्ही बाजूंना गवत. त्याचंच गवत.

काठी आली. मुलगी विमानानं आली, त्याला ती वापरायला शिकवणाऱ्या बाईंबरोबर गल्लीत फिरली, आणि त्याच्याशी मराठीत बोलायचा प्रयत्न करत राहिली, मोडकंतोडकं. तो तिच्याशी हसायचा. माझ्याशी नीट वागायचा, हे फार वाईट होतं. चहा छान झालाय म्हणायचा. भाजी छान झालीय म्हणायचा. मीठ विसरलेल्या भाजीलाही छान म्हणाला. दुर्बीण गॅरेजमध्ये, वर जुनी चादर. पाहुण्यांनी भावजींचं नाव काढलं तर म्हणायचा, "ती जुनी भानगड आहे, जाऊ द्या," आणि भात गरम असताना जेवायचा. मी संध्याकाळी अंगणात नुसतीच जाऊन उभी राहायचे, कपडे काढायच्या निमित्तानं. गुरू पश्चिमेकडे उतरायला लागला होता. महिनाभरात धुराड्यांच्या मागे गेला असता.

वसंतातल्या एका संध्याकाळी, इथल्या रीतीनं घड्याळं तासभर पुढे केल्यावर उजेड लांबतो तेव्हा, मी भांडी विसळत होते आणि तो मागून म्हणाला, "पत्रिका आलीय का ऑक्टोबरची?"

"आलीय."

"वाच."

मी हात पुसून कॉम्प्युटरसमोर बसले आणि रेघा कुठे कुठे आहेत ते वाचून दाखवलं. त्यानं टेबलावर बोट फिरवत मनात काहीतरी मांडलं. एकदा, दोनदा विचारलं. मग उठला. "दुर्बीण काढ."

मी काढली. चादर झटकली, शिंक आली. त्यानं तिवईचे पाय हातानं चाचपून नीट केले. मी गुरू धरला.

"हे मोजलेलं आहे," तो म्हणाला. "पाहिलेलं नाही. लक्षात ठेव. उजवीकडे दोन. डावीकडे दोन, त्यातला एक जवळ. इथलं डावं. पुण्याचं नाही."

मी वाकले. उजवीकडे दोन होते. डावीकडे एक होता, लांबचा. जवळचा नव्हता. मी डोळा पुसून परत बघितलं. नव्हता. माझ्या घशाशी "बरोबर" तयार होतं, श्वासासकट, हसण्यासकट.

"नाही," मी म्हणाले.

 मला वाटलं, झालं. आता तो आत जाईल.

"कुठला नाही?"

"डावीकडचा, जवळचा. नाहीच दिसत."

"थांब," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "थांब, थांब. मी ते धरलंच नाही. गुरूच्या सावलीत असेल तो. बाहेर येईल. एकदम नाही येत, आधी बारीक, मग उजळत जातो. बघत राहा, डोळा काढू नकोस."

मी बघत राहिले. पाठ भरून आली. शेजारच्यांच्या घरातून टीव्हीचा आवाज येत होता.

"आला?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"तू त्याच्याकडेच बघतेयस ना?"

"मी त्याच्याकडे बघतेय," मी म्हणाले. मग कडेनं तो मला दिसला. काठीवर दोन्ही हात, मान वर, चेहरा पूर्ण उत्सुक. "आणि तू शेजाऱ्यांच्या गॅरेजकडे बघतोयस."

त्यानं काठी काखेत धरली. मग म्हणाला, "मग फिरव की."

मी दुर्बीण सोडली, त्याच्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि त्याला पश्चिमेकडे वळवलं, थोडं जास्त झालं म्हणून थोडं मागे. त्याचा चेहरा गुरूच्या बरोबर समोर आणला. जॅकेटची चेन वरपर्यंत ओढली. तो लहान मुलासारखा हनुवटी वर करून उभा राहिला. त्यात वेळ गेला असावा. परत वाकले तर डावीकडे दोन होते, जवळचा अगदी स्पष्ट.

"आलाय," मी म्हणाले.

"येताना कसा दिसला?"

"येताना मी नाही पाहिला."

"का?"

"तुला फिरवत होते."